परदेशांतील उड्डाणांचे तास आणि आपल्या देशांतील परवाना

गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरी हें गांव महाराष्ट्राच्या स्मरणांत आहे तें सरनोबत प्रतापराव गुजर यांच्यामुळें. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं ते सहा स्वारांसह बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातही जण धारातीर्थीं पडले. शत्रु किती व आपण किती, हा हिशेब त्या वीरांनीं केला नाहीं. त्याच मुलुखांतील आजच्या तरुणाला वैमानिक व्हावयाचें असेल तर मात्र हिशेबावांचून एक पाऊलही टाकतां येत नाहीं. वैमानिकाची योग्यता तासांनीं मोजली जाते. आणि ते तास परदेशांत मिळविलेले असतील तर इकडे कसे मोजले जातात, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांस पैसे भरून झाल्यावरच सुचतो.

या भागांतील मुलांना विमान आतां अपूर्वाईचें राहिलेलें नाहीं. एका बाजूस बेळगांवचा सांबरा विमानतळ, दुसऱ्या बाजूस कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ. महाराष्ट्रांत बारामती, धुळें व गोंदिया येथें उड्डाण शिकविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. २०२१ मध्यें नव्या शिक्षणसंस्थांसाठीं देशांतील जे पांच विमानतळ निवडण्यांत आले त्यांत बेळगांव व जळगांव हेही होते. तरीही अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड अशा देशांकडे ओढा कायम आहे. तेथें विमानें पुष्कळ व खोळंबा कमी, म्हणून तास लवकर भरतात असा अनुभव सांगितला जातो. त्यासाठीं कोणी शेत गहाण ठेवतो, कोणी वडिलांच्या निवृत्तीचा पैसा लावतो. अशा वेळीं कायदा काय म्हणतो हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा करार झाला. त्याच्या ३३ व्या कलमानें एका राष्ट्राचा परवाना दुसऱ्यानें मान्य करावा असें ठरलें. पण ३२ व्या कलमांत एक महत्त्वाचा अपवाद आहे. आपल्याच नागरिकानें परक्या राष्ट्राकडून मिळविलेला परवाना आपल्या भूमीवरील उड्डाणांपुरता अमान्य करण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रानें राखून ठेवला आहे. म्हणून अमेरिकेचा परवाना खिशांत असलेल्या मराठी तरुणालाही येथें नोकरी करण्यास भारतीय परवाना घ्यावाच लागतो. थोडक्यांत सांगावयाचें तर परवाना त्या देशाचाच राहतो; घरीं आणतां येतात ते तास, आणि तेही पुराव्यासह असतील तरच.

आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणें व्यावसायिक परवान्यास एकूण २०० तास लागतात. त्यांपैकीं १०० तास विमानाची सूत्रें स्वतःकडे असावीं लागतात. २० तास गांवोगांवच्या लांब प्रवासाचे, आणि त्यांत एक सफर ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारें ५५५ किलोमीटरांची, वाटेंत दोन निरनिराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेली. १० तास केवळ उपकरणें पाहून केलेल्या उड्डाणाचे, त्यांत कृत्रिम यंत्रावरील ५ हून अधिक नकोत. ५ तास रात्रीचे, व त्यांत १० वेळां उड्डाण व अवतरण. नुसती बेरीज २०० झाली म्हणून काम भागत नाहीं. प्रत्येक खातें वेगळें भरलें पाहिजे.

येथेंच दोन देशांच्या मापांतील फरक नडतो. अमेरिकेंत व्यावसायिक परवान्यास सामान्यतः २५० तास लागतात; परंतु सरकारमान्य अभ्यासक्रमाच्या शाळेंत १९० तासांवरही तो मिळूं शकतो. असा विद्यार्थी तिकडे उत्तीर्ण होऊन परतला तरी इकडे त्याचे १० तास उणे भरतात. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एक विद्यार्थी डोळ्यांवर आडोसा घेऊन केवळ उपकरणांवर विमान चालवितो व शेजारचा परवानाधारक बाहेर लक्ष ठेवतो, अशा वेळीं विवक्षित अटींवर दोघांनीं तोच तास विमानप्रमुख म्हणून लिहिण्यास अमेरिकन नियम मुभा देतात. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणें मात्र विमानाचा प्रमुख एकच असतो. म्हणून अशा दुहेरी नोंदीच्या भरवशावर आपले १०० तास मोजूं नयेत.

नोंदींवर बारीक नजर ठेवली जाते, तीही सकारण. २०११ मध्यें खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याचीं व न केलेलीं उड्डाणें लॉगबुकांत लिहिल्याचीं प्रकरणें देशांत उघडकीस आलीं. वैमानिकाच्या मागें शेंकडों जीव बसलेले असतात, तेव्हां संशय घेणें हें खात्याचें कर्तव्यच होय. म्हणून परदेशी परवाना खरा कीं खोटा याची खातरजमा तो देणाऱ्या खात्याकडून केली जाते. लॉगबुकांत विमानाचा नोंदणीक्रमांक, दिनांक, निघण्याची व पोंचण्याची ठिकाणें, वेळ व आपली भूमिका स्पष्ट हवी. वेळ धरावयाची ती विमान उड्डाणासाठीं स्वतःच्या शक्तीनें प्रथम हललें त्या क्षणापासून तें अखेर स्थिर उभें राहीपर्यंत. शिक्षकांच्या सह्या त्या त्या वेळींच घ्याव्यात. शाळा बंद पडल्यावर सातासमुद्रांपलीकडे सही शोधणें कठीण जातें.

पुढची पायरी विमानकंपनीच्या वैमानिकाच्या परवान्याची. त्याला वयाचीं २१ वर्षें व १५०० तास लागतात. आंतरराष्ट्रीय किमान प्रमाणांत त्यांपैकीं १०० तास रात्रीचे असावेत असें आहे. दोन वैमानिकांच्या विमानांत सहवैमानिक म्हणून बसल्याचे तास एकूण बेरजेंत पूर्ण धरण्याचें तत्त्वही त्यांतच आहे. म्हणून परदेशी कंपनींत सहवैमानिक असलेल्याचे तास वाया जात नाहींत. पण प्रमुख म्हणून लागणारे तास निराळे, त्यांची जागा ते घेऊं शकत नाहींत. भारतांत कंपनीच्या वैमानिकास वर्षांत १००० तासांहून अधिक उड्डाण करतां येत नाहीं. २०० नंतरचे १३०० तास यामुळें सवा वर्षाच्या आंत भरणें शक्यच नाहीं, आणि बहुधा त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. लवकर कॅप्टन करून देतों असें सांगणाऱ्याचें बोलणें या एका भागाकारानें तपासावें.

जाण्यापूर्वीं करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. बारावीस भौतिकशास्त्र व गणित झालें आहे ना, हें पाहावें. महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणें प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी आधींच करून घ्यावी. पैसे खर्चून आल्यावर दृष्टिदोष कळला तर उपाय उरत नाहीं. परत आल्यावर विमाननियम, हवाई मार्गदर्शन व हवामान यांच्या परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून त्यांचा अभ्यास बरोबर न्यावा. आणि वर सांगितलेलीं तासांचीं खातीं कागदावर मांडून, प्रत्येक खातें तुमच्या अभ्यासक्रमांत भरेल काय, असा लेखी खुलासा शाळेकडून पहिला हप्ता भरण्यापूर्वींच मागावा.

आपल्या घरांत कीर्दखतावणी लिहिणाऱ्या वडीलधाऱ्यांना हें काम परकें नाहीं. रोजची नोंद रोज, प्रत्येक रकमेस पावती, आणि महिनाअखेरीस ताळा. मुलाच्या वा मुलीच्या उड्डाणाच्या वहीसही हीच शिस्त लावली, तर दूर देशीं घालविलेला एकही तास घरच्या हिशेबांत बुडणार नाहीं.