घरपट्टी कोणाची? भाड्याच्या घरातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

हा वाद बहुतेक वेळा घर सोडायच्या दिवशी निघतो. सामान टेम्पोत चढलेलं असतं, डिपॉझिट परत मिळायचं असतं आणि तेवढ्यात मालक व्हॉट्सअ‍ॅपवर महापालिकेच्या बिलाचा फोटो पाठवतो. ‘यातली अर्धी रक्कम तुमच्या डिपॉझिटमधून वळती करतोय.’ चौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट असेल तर मग आपसातही जुंपते. जून महिन्यात आलेला म्हणतो, माझा काय संबंध? मोठ्या खोलीत राहणाऱ्याला सगळे म्हणतात, तुझा वाटा जास्त. नोकरीला नुकती लागलेली ही मुलं शेवटी भांडण नको म्हणून पैसे सोडून देतात. कायदा काय म्हणतो ते त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

‘जो राहतो तो घरपट्टी भरतो’ हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खोलवर रुजलेला समज. वस्तुस्थिती अशी की पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे, नागपूर अशा शहरांना लागू असलेल्या १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, कलम १३९ मध्ये, कराची प्राथमिक जबाबदारी कोणावर हे स्पष्ट लिहिलं आहे. मिळकत भाड्याने दिलेली असेल तर देणाऱ्यावर. भाडेकरूने ती पुढे पोटभाड्याने दिली असेल तर त्याच्याही वरच्या मूळ मालकावर. रिकामी असेल तर ती भाड्याने देण्याचा हक्क ज्याचा आहे त्याच्यावर. मिळकत थेट सरकारकडून किंवा पालिकेकडून घेतलेली असेल तर मात्र प्रत्यक्ष राहणाऱ्यावर. मुंबईसाठी १८८८ चा वेगळा कायदा आहे, पण तिथेही खासगी इमारतीतल्या घराचं बिल पहिल्यांदा मालकाच्याच नावे निघतं. फ्लॅट भाड्याने घेऊन त्यात कॉट बेसिसवर मुलं ठेवणाऱ्या पीजी चालकाने ‘महापालिकेचा टॅक्स’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर आधी त्याला बिल दाखवायला सांगा. ते त्याच्या नावावर असण्याची शक्यता कमीच.

मालक आणि राहणारा यांना आपसात वेगळं ठरवता येतं का? येतं. ‘कर परवानाधारकाने भरावा’ असं लिव्ह अँड लायसन्सच्या करारात लिहून तुम्ही सही केली असेल तर मालकाला ते पैसे तुमच्याकडून मागता येतील. पण ऑनलाइन नोंदणीच्या करारांत सर्रास दिसणारं कलम याच्या नेमकं उलट असतं : सर्व कर, सोसायटीचा मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क) मालकाने भरायचे, वीजबिल राहणाऱ्याने. तो करार मराठीत किंवा इंग्रजीत आपल्या ईमेलमध्ये पडलेला असतो आणि अंगठा देताना एजंटने घाई केल्यामुळे कुणी वाचलेला नसतो. वाद झाला की पहिल्यांदा ती पीडीएफ उघडा. कराराबाहेर, फोनवर किंवा जिन्यात उभं राहून झालेल्या मागणीला त्या कलमापुढे फार वजन नाही.

आता उलट्या बाजूचा गैरसमज, आणि हा जास्त महागात पडतो. ‘बिल मालकाच्या नावावर आहे, महापालिका आपल्याला काही विचारू शकत नाही.’ विचारू शकते. त्याच अधिनियमाच्या कलम १४० प्रमाणे, मालकाला बिल देऊनही त्याने कर भरला नाही, तर आयुक्तांना ते बिल घरात राहणाऱ्या भोगवटादारावर बजावता येतं. मात्र कायद्याने इथे राहणाऱ्याभोवती चांगली कुंपणं घातली आहेत आणि ती फारशी कुणाला माहीत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. फ्लॅटचं भाडं महिना ३०,००० रुपये. दोघे प्रत्येकी ९,००० देतात, उरलेले दोघे प्रत्येकी ६,०००. मालकाने वर्षाचा २४,००० रुपये कर थकवला. महापालिकेने राहणाऱ्यांकडे वळायचं ठरवलं तर एकाच्या गळ्यात सगळी रक्कम टाकता येत नाही; ती प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात वाटावी लागते. म्हणजे ९,००० देणाऱ्यांना प्रत्येकी ७,२०० आणि ६,००० देणाऱ्यांना प्रत्येकी ४,८०० रुपयांचं बिल. त्यातला एक जण ऑक्टोबरमध्ये आला असेल तर एप्रिल ते सप्टेंबरचा कर त्याच्याकडून वसूल होऊ शकत नाही, कारण तो तेव्हा तिथे राहत नव्हता. एक वर्षाहून जुनी थकबाकी तर राहणाऱ्या कुणाकडूनच घेता येत नाही. मालकाने पाच वर्षं कर भरला नसेल तर ते ओझं त्याचंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं : राहणाऱ्याने असे जे पैसे भरले ते मालकाच्या खात्यावर जमा धरून घेण्याचा हक्क कायदा त्याला देतो. म्हणजे पावती घ्यायची, मालकाला लेखी कळवायचं आणि पुढच्या भाड्यात ती रक्कम वळती करायची.

हीच गोष्ट मालकाच्या मागणीला लावता येईल असं मात्र समजू नका. करारात चौघांनी एकत्र सह्या करून कर भरण्याचं कबूल केलं असेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ नुसार, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, मालक चौघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने भरली त्याला बाकीच्यांकडून हिस्सा वसूल करता येतो आणि तोही, वेगळं ठरलेलं नसेल तर, समसमान. महापालिकेचं बिल भाड्याच्या प्रमाणात, रूममेट्समधला हिशेब समान वाट्याने. या दोन हिशेबांची गल्लत झाली की मैत्री तुटते. मोठी खोली, छोटी खोली असा फरक असेल तर कराचा आणि मेंटेनन्सचा वाटा कसा पडणार हे चौघांनी राहायला येतानाच एका मेसेजमध्ये लिहून ठेवावं. आणि करार एकाच्या नावावर करून बाकीचे तिघे ‘असेच’ राहतात, ती सवय मोडावी. मालकाला उत्तर द्यायला मग तो एकटाच उरतो.

पुण्यात या वादाला आणखी एक फांदी फुटते : चाळीस टक्क्यांची सवलत. मालक स्वतः घरात राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सूट देण्याची पद्धत पुणे महापालिकेत १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यावर ती थांबली, मोठी नाराजी झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा लागू केली. तेव्हा मालकांकडून ‘पीटी-३’ अर्ज भरून घेतले गेले, कारण सवलत फक्त स्वतः राहणाऱ्याला आहे. घर भाड्याने दिलं की ती जाते.

यातून नवा समज निघाला : ‘तुमच्यामुळे माझी सवलत गेली, तर फरक तुम्ही भरा.’ ढोबळ हिशेब पाहू. सवलतीसह १२,००० रुपयांचं बिल सवलतीविना साधारण २०,००० होतं. फरक ८,०००, म्हणजे महिना पावणेसातशे रुपयांच्या आत. घर भाड्याने देऊन उत्पन्न मिळवण्याचा निर्णय मालकाचा, तेव्हा त्याचा खर्चही त्याचाच. तो खर्च धरून करारापूर्वीच भाडं ठरवायला कुणाची ना नाही. पण अकरा महिन्यांच्या मध्येच किंवा डिपॉझिट देताना तो फरक कापून घेणं हे कराराला धरून नाही.

काही मालक मग दुसरी वाट धरतात. सवलत टिकावी म्हणून करार नोंदवायचाच नाही आणि तपासणीला कुणी आलं तर ‘भाचा आहे’ असं सांगायला लावायचं. मुलांनी याला कधीही हो म्हणू नये. मालकालाही हे परवडणारं नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक ते खोटं ठरवत नाही. करार न नोंदवून चार पैसे वाचवणारा मालक ‘टॅक्स तुम्हीच भरायचा ठरलं होतं’ हे सिद्ध कशाने करणार?

पेठांतल्या वाड्यांत आणि चाळींत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. तिथे भाडं कायद्याने बांधलेलं असल्यामुळे नव्याने लागलेल्या किंवा वाढलेल्या कराइतकी भाडेवाढ मागण्याची मुभा भाडे नियंत्रण कायदाच मालकाला देतो. पण वाढ झाली तेवढीच, त्याहून जास्त नाही.

‘टॅक्सची पावती आपल्या नावावर आली की घरावर हक्क लागतो’ हेही कायम ऐकू येतं, आणि या भीतीपोटी काही मालक भाडेकरूचं नाव भोगवटादार म्हणून लागू देत नाहीत. करआकारणीची नोंद ही वसुलीसाठी असते. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही.

मुंबईत छोट्या घरात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना तिथे १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. चारशे फुटांच्या वन रूम किचनसाठी ‘प्रॉपर्टी टॅक्स’ वेगळा मागितला जात असेल तर बिल पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सोसायटीच्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचंही तसंच : २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाहीत आणि तो दहा टक्क्यांचा हिशेब करताना महापालिकेचे कर त्यात धरायचे नसतात.

मालकाशी बोलताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आयकरात आहे. भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा मिळतो, पण तो मालकाने स्वतः आणि त्या वर्षात प्रत्यक्ष भरला असेल तरच. उरलेल्या रकमेवर आणखी ३० टक्के सरसकट वजावट मिळते. कर भाडेकरूच्या माथी मारला की ही वजावट मालकाला घेता येत नाही. म्हणून करापोटीची रक्कम धरून भाडं ठरवणं आणि बिल मालकाने स्वतः भरणं हे दोघांच्याही सोयीचं. पुण्यात ते बिल एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाहींत भरता येतं, आणि थकलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते.