एक रेघ आणि सुयांची रांग

हकोबाचं ब्लाउज मराठी घरात नवं नाही. सुती कापड, त्यावर त्याच रंगाच्या दोऱ्याची फुलं, मधूनमधून गोल भोकं आणि भोकांच्या कडेनं दाट टाके. हकोबा हा खरं तर एक ब्रँड, आज मुंबईच्या पायोनियर एम्ब्रॉयडरीज कंपनीकडे असलेला. पण दुकानात गिऱ्हाईक कुठल्याही कंपनीच्या अशा कापडाला हकोबाच म्हणतं. हे भरतकाम ज्या यंत्रावर होतं, त्याला व्यापारी शिफली म्हणतात. सुरतेच्या बाजारात हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. मीटरच्या मीटर एकसारखं कापड काढायचं, ही या यंत्राची ख्याती.

मग वस्त्रकला शिकणाऱ्या मुलीनं आपली रेखाटनं घेऊन अशा यंत्रापाशी का जावं? वेगळं, एकमेव, पुन्हा न होणारं काही करायचं तर हातात सुई-दोरा आहेच. पण शिफलीचा जुना अवतार पाहिला की कोडं सुटतं. हे यंत्र मुळात चित्र गिरवणारं आहे.

त्याची रचना अशी. कापड एका उभ्या चौकटीवर ताणून बसवलेलं असतं. समोर सुयांची लांबलचक रांग, मागे प्रत्येक सुईच्या वाट्याला होडीच्या आकाराचं एक छोटं शटल. सुया जागच्या जागी आत-बाहेर करतात, डावी-उजवीकडे सरकत नाहीत. सरकते ती चौकट. आणि चौकट कुठे सरकायची हे ठरतं बाजूच्या फळ्यावर लावलेल्या रेखाटनावरून. तिथे चालक पँटोग्राफ या गिरवण्याच्या साधनाचं टोक रेघेवर ठेवतो, पुढच्या बिंदूवर नेतो, चौकट तेवढी हलते आणि रांगेतल्या सगळ्या सुया एकदम टाका घालतात. रेखाटन कापडावरच्या नक्षीच्या सहापट मोठं काढलेलं असतं. म्हणजे कापडावर दोन मिलिमीटरचा टाका हवा असेल, तर फळ्यावर हात बारा मिलिमीटर सरकवायचा. हाताचा कंपही तसाच सहापट लहान होऊन उतरतो. पुसट होतो, पण पूर्ण जात नाही. प्रयोग करणाऱ्यांना हवं असतं ते नेमकं हेच.

यंत्राचा जन्म स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या परिसरातला. त्याआधी, १८२०च्या दशकाच्या अखेरीस, म्युलूज इथल्या जोशुआ हाइलमान यांनी भरतकामाचं हातयंत्र बनवलं होतं. दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मधोमध नेढं असलेली त्याची सुई चिमट्यांनी कापडातून आरपार ओढली जाई. दोरा मात्र तुकड्या-तुकड्यांचा. संपला की सुई पुन्हा ओवायची. घरोघरी ही ओवण्याची वेठ बायकांच्या आणि पोरांच्या गळ्यात पडली. १८६३मध्ये इझाक ग्रोब्ली यांनी शिलाई यंत्राची युक्ती इथे आणली. पुढून रिळाचा अखंड दोरा, मागून शटलचा, आणि दोघांची गाठ कापडात. शतक संपता संपता त्यांच्या मुलानं छिद्रं पाडलेल्या कार्डांवर चालणारी यंत्रणा जोडली आणि पँटोग्राफ धरणाऱ्या हाताची गरज कमी होत गेली. १९१०च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. पहिल्या महायुद्धानं हा धंदा पार बसवला.

या भरभराटीच्या मागे चित्रकलेची शाळा होती, हे सहसा कोणी सांगत नाही. १८७८मध्ये सेंट गॅलनला वस्त्रसंग्रहालय सुरू झालं ते पर्यटकांसाठी नव्हे. नक्षी काढणाऱ्यांना जुन्या लेस आणि जुनं भरतकाम समोर ठेवून पाहता यावं, हा हेतू. यंत्रं वाढली तशी नव्या रेखाटनांची भूकही वाढली. याच गावात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोफी टॉयबर नावाची मुलगी वस्त्रांसाठीची रेखाटनं शिकत होती. पुढे सोफी टॉयबर-आर्प म्हणून ती अमूर्त कलेतलं मोठं नाव झाली. १९१६ ते १९२९ तिनं झुरिकच्या उपयोजित कलाशाळेत वस्त्ररचना शिकवली. चौकोन, पट्टे, रंगाचे ठोकळे हे तिनं कॅनव्हासइतक्याच गांभीर्यानं भरतकामातही मांडले. स्वित्झर्लंडनं १९९५मध्ये पन्नास फ्रँकच्या नोटेवर तिचा चेहरा छापला. भरतकामाला 'बायकी विरंगुळा' म्हणणाऱ्यांना ती नोट दाखवावी.

पँटोग्राफवाल्या शिफलीला विद्यार्थ्यांच्या हाती देणारी जागा म्हणून मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं नाव घ्यावं लागतं. तिथल्या भरतकाम विभागाकडे असं हातानं चालवायचं यंत्र होतं. २००७मध्ये त्यावर केलेल्या कामांचं प्रदर्शन भरलं, नाव 'मेकॅनिकल ड्रॉइंग'. याच विभागात शिकवणाऱ्या अॅन मॉरेल पुढे अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाशी जोडल्या गेल्या आणि भारतीय भरतकामाच्या तंत्रांवर त्यांनी १९९४मध्ये पुस्तक लिहिलं.

रेखाटनाचा नमुना होताना पहिली अडचण छायेची. कोळशानं फासलेला काळा डाग कागदावर एका फटकाऱ्यात होतो. दोऱ्याला तो टाक्याटाक्यानं उभा करावा लागतो. मग ठरवायचं: तिथे आडवे दाट टाके घालायचे, की विरळ रेघा एकमेकींवर चढवायच्या, की जागा चक्क कोरी सोडायची. पेन्सिल उचलून दुसरीकडे टेकवली तर कागदावर मध्ये काही उमटत नाही, यंत्रावर मात्र दोरा लोंबत पुढे जातो. कारखान्यात असे दोरे कातरून टाकतात. कलाशाळेत ते ठेवले जातात, कारण हात कुठून कुठे गेला याची नोंद त्यात असते.

खरी गंमत सुयांमधल्या अंतराची आहे. शेजारच्या दोन सुयांमध्ये ते साधारण सत्तावीस मिलिमीटर असतं. नक्षी त्याहून रुंद असेल तर कारागीर एक आड एक सुई काढून ठेवतो, म्हणजे फुलं एकमेकांत घुसत नाहीत. विद्यार्थिनीनं मुद्दामच सगळ्या सुया लावून रुंद आकृती गिरवली, तर प्रत्येक आकृती शेजारणीच्या अंगावर जाते आणि एका साध्या रेघेची घट्ट जाळी तयार होते. प्रत्येक सुईत वेगळ्या रंगाचा दोरा ओवला तर तीच चूक, तीच वळणं, पण प्रत्येक वेळी वेगळा स्वभाव. चौकटीवर अखंड कापडाऐवजी तुकडे जोडून ताणले, तर एकच रेघ मलमलीवर आकसते आणि जाड लोकरीत बुडते. यांतलं काहीही हकोबाच्या मालकाला चालणार नाही. दोष मानून फेकायच्या या गोष्टी नमुनावहीत मात्र पहिल्या पानावर लागतात.

सर्वांत जोखमीचा प्रयोग कापडच नाहीसं करण्याचा. १८८०च्या दशकात सेंट गॅलन आणि जर्मनीतल्या प्लाउएनच्या परिसरात ही युक्ती रुळली: नक्षी भरून झाली की रसायनानं खालचं कापड खाऊन टाकायचं, उरते ती निव्वळ दोऱ्याची लेस. आज पाण्यात विरघळणारं कापड मिळतं, त्यामुळे हे घरच्या शिलाई यंत्रावरही करता येतं. यंत्राचे दात खाली घ्यायचे, रिंगेत ते कापड ताणायचं आणि सुईखाली हातानं फिरवत चित्र काढायचं. अट एकच: प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला कुठे ना कुठे टाक्यानं बांधलेली हवी. कागदावर देखणं दिसणारं, सुट्या फटकाऱ्यांचं रेखाटन इथे कोमट पाण्यात बुडताच दोऱ्यांचा गुंता होऊन हातात येतं. म्हणून चित्र पुन्हा काढावं लागतं, या वेळी सांधे शोधत.

हे तंत्र हौशी मंडळींपुरतं राहिलेलं नाही. २००९च्या शपथविधीला मिशेल ओबामांनी घातलेल्या इसाबेल टोलेडोच्या पोशाखाची पिवळसर लोकरी लेस सेंट गॅलनच्या फोर्स्टर रोनर कंपनीची होती. मँचेस्टरच्या अॅलिस केटल यांची तऱ्हा आणखी निराळी. त्या शिलाई यंत्रावर बऱ्याचदा कापड उलटं धरतात. जाड दोरा बॉबिनमध्ये भरलेला, त्यामुळे खरं चित्र खालच्या अंगाला, नजरेआड तयार होत जातं. २०१८मध्ये मँचेस्टरच्याच व्हिटवर्थ कलादालनात लागलेल्या त्यांच्या भव्य भरतचित्रांमध्ये निर्वासितांनी काढलेली रेखाटनंही भरली होती.

आता शिफलीही संगणकावर चालते. पंचिंग, म्हणजे रेखाटनाचं टाक्यांच्या सूचनांमध्ये रूपांतर, पडद्यावर होतं, टाका चुकत नाही, वेग कैक पटींनी वाढलेला. धंद्याला हेच हवं आणि त्यात गैर काही नाही. मात्र विद्यार्थ्याची रेघ फाइलमध्ये गेली की सॉफ्टवेअर तिची वळणं सफाईनं गुळगुळीत करून देतं, आणि शिकण्यासारखं जे होतं तेच निघून जातं. तेव्हा ज्या कारखानदारांकडे पँटोग्राफचं जुनं यंत्र धूळ खात पडलं असेल, त्यांनी ते भंगारात घालण्याआधी जवळच्या कलामहाविद्यालयाला एक फोन करावा. आणि महाविद्यालयानं जागा नाही म्हणू नये.