पंचाहत्तर हजारांत एक

मार्च 2022. अमेरिकेतल्या युटा राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी आपल्याच रिपब्लिकन पक्षाने मंजूर केलेलं एक विधेयक सही न करता परत धाडलं. ट्रान्सजेंडर मुलींना शाळेच्या मुलींच्या संघातून खेळायला बंदी, असं ते विधेयक. सोबतच्या पत्रात त्यांनी साधा हिशेब मांडला होता. राज्यात हायस्कूलच्या स्पर्धांत खेळणारी मुलं 75,000. त्यांतली ट्रान्सजेंडर 4. त्या चौघांतली मुलींच्या संघात खेळणारी 1.

वानखेडे स्टेडियम दोनदा खचाखच भरलं तरी 75,000 डोकी होत नाहीत. एवढ्यांतल्या एकीसाठी अख्खा कायदा. पण विधिमंडळ बधलं नाही. 25 मार्चला कनिष्ठ सभागृहाने 56 विरुद्ध 18 आणि सिनेटने 21 विरुद्ध 8 मतांनी गव्हर्नरचा नकार मोडीत काढला. प्रकरण कोर्टात जाणार हे तेव्हाच दिसत होतं. खटल्याचा भुर्दंड शाळांवर पडू नये म्हणून त्याच दिवशी खास अधिवेशन भरवून तशी तजवीजही करून ठेवली. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी बंदीला तात्पुरती मनाई केलीच.

त्याच सुमारास युटातलीच आणखी एक गोष्ट बाहेर आली. एका स्पर्धेत एक मुलगी बाकीच्यांना मागे टाकून पहिली आली. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या मुलींच्या पालकांना संशय आला आणि त्यांनी तक्रार ठोकली. शालेय क्रीडा संघटनेने तिचं शाळेतलं दप्तर थेट बालवर्गापर्यंत उलगडून पाहिलं. सगळीकडे नोंद एकच: मुलगी. ही तपासणी चालू असल्याचं ना तिला सांगितलं होतं, ना तिच्या घरच्यांना. जिचा या कायद्याशी काडीचा संबंध नाही, तिलाही संशयाची झळ लागतेच. अशांची मोजदाद कोणी करत नाही.

कॉलेजच्या पातळीवर हे प्रमाण आणखी विरळ. डिसेंबर 2024 मध्ये एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की खेळाडू 5 लाख 10 हजार आणि आपल्या माहितीतले ट्रान्सजेंडर दहाहून कमी. उलट बाजूला कायद्यांचं पीक बघा. अशी बंदी आणणारं पहिलं राज्य आयडाहो, 2020 मध्ये. पाच वर्षांत ही राज्यं 27 झाली.

राज्यांचे वकील म्हणतात, संख्येला काय विचारता? एका मुलीचं पदक हुकलं तरी अन्याय तो अन्यायच. हा मुद्दा मला टाकाऊ वाटत नाही. फक्त तो उलटूनही लागतो. अमेरिकन राज्यघटनेची 1868 ची चौदावी दुरुस्ती 'कोणाही व्यक्तीला' कायद्याचं समान संरक्षण देते. त्यामुळे एकटी व्यक्ती उभी राहून सगळ्या राज्याचा कायदा कोर्टात खेचू शकते. तिच्यामागे किती जण आहेत, हे कोणी विचारत नाही.

ती दर वेळी जिंकते असं मात्र नाही. अल्पवयीन ट्रान्सजेंडर मुलांच्या हार्मोन उपचारांवर आर्कान्सॉने 2021 मध्ये, देशात सर्वांत आधी, बंदी घातली. तिथेही गव्हर्नरचा नकार विधिमंडळाने धुडकावला होता. जून 2023 मध्ये न्यायाधीश जे मूडी यांनी 80 पानी निकाल देऊन ती रद्द केली. पण 18 जून 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीची तशीच बंदी 6 विरुद्ध 3 मतांनी उचलून धरली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं, हा कायदा वय आणि उपचाराचं कारण पाहतो, लिंग नव्हे. दोन महिन्यांत वरच्या कोर्टाने मूडींचा निकालही फिरवला. हे उपचार घेणारे किती? खासगी विमा असलेल्या 51 लाख अमेरिकन मुलांच्या नोंदी संशोधकांनी चाळल्या, तेव्हा किशोरवयीनांत हजारात एकही भरला नाही.

पैशाचा हिशेब मात्र चोख लागतो. नॉर्थ कॅरोलायनाने 23 मार्च 2016 ला सरकारी इमारतींतली स्वच्छतागृहं जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणे वापरायचा कायदा एका दिवसात मांडला, मंजूर केला आणि त्यावर सहीही उमटली. आठवड्याच्या आत खटला दाखल. पेपॅलने 400 नोकऱ्यांचा प्रकल्प गुंडाळला, एनबीएने ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला हलवला. असोसिएटेड प्रेसने बारा वर्षांच्या नुकसानीचा अंदाज काढला: 376 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने चोवीस हजार कोटी रुपयांहून जास्त. जेमतेम वर्ष उलटताच कायदा बराचसा मागे घ्यावा लागला.

व्हर्जिनियातल्या ग्लॉस्टर परगण्याचा नियम तर राज्याचाही नव्हता, शाळा मंडळाचा होता. गॅव्हिन ग्रिम या ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याला मुलग्यांचं स्वच्छतागृह वापरू दिलं नाही. त्याने 2015 मध्ये दावा लावला, 2017 मध्ये तो शाळेतून बाहेर पडला, आणि खटला 2021 मध्ये संपला. नागरी हक्कांच्या दाव्यात सरकार हरलं, की समोरच्याच्या वकिलांची फीही सहसा त्याच्याच माथी येते. मंडळाने 13 लाख डॉलर मोजले, साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास. तेवढ्यात नवी कोरी स्वच्छतागृहं कितीतरी झाली असती.

13 जानेवारी 2026 ला सर्वोच्च न्यायालयात खेळबंदीच्या दोन प्रकरणांची सुनावणी झाली, एक आयडाहोचं आणि दुसरं वेस्ट व्हर्जिनियाचं. वेस्ट व्हर्जिनियाची तक्रारदार दाव्याच्या वेळी 11 वर्षांची होती. तिला माध्यमिक शाळेच्या संघातून क्रॉस कंट्री पळायचं होतं. सुनावणीपर्यंत ती हायस्कूलला पोचली होती आणि पळणं सोडून थाळी आणि गोळा फेकत होती.