टेकडी कुणाची, राखायची कुणी?

पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. वर गवत पेटलंय. रात्री डंपर येऊन राडारोडा ओतून गेला. कातळावर दारूच्या बाटल्यांचा खच पडलाय. संध्याकाळी फिरायला गेलेल्या बाईंच्या गळ्यातली साखळी ओढून नेली. तक्रारी खऱ्या आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांवर सोसायटीच्या बैठकीत सुचणारे उपायही तितकेच ठरलेले : भिंत घाला, दिवे लावा, कॅमेरे बसवा, झाडं लावा, फरसबंदी रस्ता करा. नीट पाहिलं तर यातला जवळजवळ प्रत्येक उपाय म्हणजे टेकडीवर आणखी एक काम, आणखी एक निविदा. टेकडीला खरी चणचण आहे ती कामांची नव्हे, वेळेवर हजर असणाऱ्या माणसांची. ही चणचण निविदेत दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिच्याऐवजी काही समज मात्र घट्ट रुजले आहेत.

गैरसमज : टेकडी म्हणजे महापालिकेची जागा.

इथंच पहिली तक्रार वाया जाते. एकच टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच्या मालकीची असणं ही पुण्यात दुर्मीळ गोष्ट आहे. वेताळ टेकडीचंच बघा. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीची ही शहरातली सर्वांत उंच टेकडी. तिच्या अंगावर भांबुर्ड्याचं वनखात्याचं वन आहे, वाहनांवर संशोधन करणाऱ्या एआरएआय या संस्थेचा परिसर आहे, कडेनं खासगी सर्व्हे नंबर आहेत आणि महापालिकेच्या ताब्यातल्या जागाही. तळजाईवर पाचगाव-पर्वतीचं राखीव वन आणि त्याला लागून महापालिकेची जमीन. पर्वतीवर देवदेवेश्वर संस्थान. फिरणाऱ्याला हद्द दिसत नाही. वनखात्याचा दगडी बुरूज दिसलाच तर त्यावर बसून तो बुटाची नाडी बांधतो.

त्यामुळे राखीव वनात पडलेल्या राडारोड्याची तक्रार क्षेत्रीय कार्यालयात गेली, की तिथला कारकून ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणतो आणि ते खरंच असतं. महापालिकेच्या जागेतल्या झोपडीबद्दल वनरक्षकाला विचारलं तर तोही हेच सांगतो आणि तेही खरंच असतं. कंटाळलेला नागरिक दोघांनाही कामचुकार ठरवून मोकळा होतो. काही वेळा ते तसे असतातही. पण आधी सर्व्हे नंबर काढावा, ‘महाभूलेख’वर सातबारा पाहावा, विकास आराखड्याचा नकाशा समोर ठेवावा. अर्ध्या तासाचं काम आहे. वनखात्याची जमीन असेल तर ‘हॅलो फॉरेस्ट’चा 1926 हा क्रमांक, महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालय. तक्रारीत जागा ‘टाकीच्या मागं’ अशी न लिहिता मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टाकले, तर निम्मी टोलवाटोलवी तिथंच थांबते.

गैरसमज : बीडीपी म्हणजे सरकारनं ताब्यात घेतलेली जमीन, तिथं आता कुणी हात लावू शकत नाही.

1997 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी 23 गावं शेवटी हद्दीत राहिली. त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरच्या सुमारे 978 हेक्टर जागेवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण पडलं. त्यावरून वर्षानुवर्षं रस्सीखेच झाली. 4 टक्के बांधकामाची मुभा द्या, अशी एक मागणी होती. शेवटी 2015 मध्ये राज्य सरकारनं आरक्षण कायम ठेवलं आणि मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, ठरवला.

आरक्षण पडलं म्हणजे मालकी बदलली, असं होत नाही. बहुतेक जमीन आजही खासगी नावांवर आहे आणि 8 टक्क्यांत ती सोडायला मालक राजी नाहीत. त्यांच्या बाजूनं विचार केला तर यात नवल काही नाही. शेजारी पायथ्याची जमीन सोन्याच्या भावानं जाते आणि आपल्या वाट्याला आरक्षणाचा शिक्का. मधल्या काळात ही जमीन ना महापालिकेच्या पूर्ण ताब्यात, ना मालकाच्या उपयोगाची. अशा जागी आधी पत्र्याची शेड येते, मग मुरमाचा रस्ता, मग गुंठा-दोन गुंठ्यांचं प्लॉटिंग. घेणारा बहुतेकदा गरजू असतो आणि त्याच्या हातात नोटरीसमोर केलेला कागद असतो. नोंदणी नसलेल्या कागदानं जमिनीची मालकी मिळत नाही. आणि मालकी असली, तरी आरक्षित जागेत परवानगीशिवाय बांधता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली महापालिका नोटीस देऊन ते पाडू शकते. उतार एकास पाचपेक्षा तीव्र असेल, तर आरक्षण असो-नसो, तिथं बांधकामाला मुळातच मनाई आहे.

पत्र्याच्या शेडची तक्रार शेड असतानाच करावी. विटा चढल्या, माणसं राहायला आली, मीटर बसला, की पुढं सगळं अवघड होतं, आणि कारवाईचा फटका विकणाऱ्याला न बसता घेणाऱ्याला बसतो.

गैरसमज : उन्हाळ्यात उजाड दिसणारी टेकडी म्हणजे मेलेली टेकडी, झाडं लावली की ती वाचेल.

हा समज सर्वांत सद्भावनेचा आहे आणि त्यानंच बरंच नुकसान केलं आहे.

पुण्यात वर्षाला सरासरी 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. टेकड्यांवर मातीचा थर वीतभर, खाली काळा पाषाण. इथलं मूळ रूप म्हणजे गवत आणि त्यात विखुरलेली पानगळीची झाडं : सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, पांगारा, खैर, हिवर. मार्चमध्ये ही झाडं काटक्यांसारखी दिसतात. गणेर तर पूर्ण निष्पर्ण होतो आणि त्याच अवस्थेत फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं धरतो. ज्याला आपण ‘वाळलेलं’ म्हणतो त्याचा तो फुलोरा असतो. पायमोज्यांत घुसून हैराण करणारी कुसळी हे नुसतं तण नव्हे; त्याच गवतात चंडोल आणि लावे जमिनीवर घरटी करतात.

या टेकड्या हिरव्या करण्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया लावलं गेलं. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. भराभर वाढतं, खडकाळ जमिनीत तगतं आणि मोकाट गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. वनखात्याला याहून सोयीचं काय हवं होतं? याच झाडाला लोकांनी ‘उंदीरमारी’ हे नाव दिलं, कारण त्यातलं विष उंदरांवर चालतं. फेब्रुवारीत त्याच्या गुलाबी फुलांनी उतार देखणे दिसतात, हे मान्य. पण सलग गिरिपुष्पाखाली मूळचं गवत आणि स्थानिक रोपं मागं पडतात. लांबून जंगल वाटतं. आत गेल्यावर एकाच झाडाच्या रांगा लागतात.

आता दरवर्षी 5 जूनला संस्था, कंपन्या, शाळा खड्डे घेतात. खड्ड्यासाठी उकरलेल्या जागी गवत मरतं आणि तिथं गाजरगवत किंवा पिवळा कॉसमॉस घुसतो. गणपतीनंतर उतारावर पसरलेला पिवळाधमक गालिचा पाहून लोक कौतुकानं फोटो काढतात; तोही मेक्सिकोचाच पाहुणा. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं, आणि लावणाऱ्यांपैकी एप्रिलात कॅन घेऊन चढणारे हातावर मोजण्याइतके. म्हणून नवी शंभर लावण्यापेक्षा आधीची दहा जगवावीत, आणि चांगल्या गवताच्या पट्ट्यात तर काहीच लावू नये. मोकळी जागा मोकळी राहू देणं आपल्याला जड का जातं, कुणास ठाऊक.

गैरसमज : वणवा उन्हानं आपोआप लागतो; आणि गवत जाळलं की नवं जोमानं येतं.

नुसत्या उन्हानं गवत पेटत नाही. ठिणगी लागते, आणि शहरातल्या टेकडीवर ती जवळजवळ नेहमी माणसाची असते. विझवली नाही अशी विडी, कचऱ्याला लावलेली काडी, पार्टीनंतरची चूल, कधी मुद्दाम लावलेली आग. वनखातं आगीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत धरतं, पण पुण्याचं गवत डिसेंबरातच सोनेरी होऊन पेटायला तयार असतं.

‘नवं जोमानं येतं’ यात अर्धं तथ्य आहे. जळालेल्या जागी पहिल्या पावसाबरोबर कोवळे कोंब लवकर दिसतात. चराईसाठी गवत जाळण्याची चाल त्यातूनच आली. पण त्याच आगीत दोन-तीन वर्षांची रोपं, सरडे, बिया, जमिनीवरची अंडी जातात. आणि वीतभर मातीचं पांघरूण उघडं पडतं. जूनच्या पहिल्या वळवात ती माती गटारात आणि पुढं नदीत जाते.

यावरचा उपाय साधा, स्वस्त आणि कंटाळवाणा आहे : जाळरेषा. वाटांच्या आणि हद्दीच्या कडेनं काही मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून किंवा नियंत्रित जाळून मोकळा करायचा, म्हणजे आग तिथं येऊन थांबते. हे काम मार्चमध्ये करून उपयोग नाही. गवत वाळू लागलं की लगेच करायला हवं. सोसायट्यांना वनखात्याकडे काही मागायचंच असेल तर नोव्हेंबरात जाळरेषांबद्दल विचारावं. आग दिसली तर 101 आणि 1926, दोन्हीकडे कळवावं. ओल्या फांदीनं आग झोडपण्याचं काम शिकलेल्यांचं आहे; वारा उलटला तर उतारावर आग माणसाहून वेगानं चढते.

गैरसमज : भिंत, दिवे आणि कॅमेरे आले की टेकडी सुरक्षित.

ऑक्टोबर 2024 मध्ये बोपदेव घाटात रात्री घडलेल्या सामूहिक बलात्कारानंतर घाट आणि टेकड्यांवर कॅमेरे, दिवे, भोंगे लावण्याच्या घोषणा झाल्या. लोकांची भीती रास्त होती आणि आहे. पायथ्याला, वाहनतळाला, प्रवेशाच्या मुख्य वाटेवर कॅमेरा उपयोगी पडतो. आलेल्या गाडीचा क्रमांक त्यात मिळतो. माथ्यावर मात्र हिशोब बदलतो. तिथं पायवाटा डझनावारी, प्रत्येक वळणाला झुडुपं, आणि खांबाला वीज पोचवायची तर चर खणावा लागतो. खांबाखाली उजेड असतो, त्यामुळे खांबांच्या मधला अंधार अधिक गडद होतो. रात्रभरच्या उजेडाचा रातव्याला, वटवाघळांना, पतंगांना त्रास होतो तो वेगळाच. शिवाय उजेड असला की लोक उशिरापर्यंत थांबतात. सूर्यास्तानंतर रिकामी होणारी टेकडी आपण मध्यरात्रीपर्यंत उघडी ठेवून मग तिच्या रखवालीची काळजी करत बसतो.

भिंतीचं थोडं वेगळं आहे. अतिक्रमणाच्या तोंडावर, जिथं डंपर आत शिरतो तिथं, ती हवीच. वारज्यात सुमारे 16 हेक्टर वनजमिनीवर 2015 पासून लोकसहभागातून नागरी वन उभं राहिलं, त्यात हद्द बांधून घेणं ही महत्त्वाची पायरी होती. पण पायी येणाऱ्याला भिंत अडवत नाही. चार महिन्यांत तिला एक भगदाड पडतं आणि तीच नवी वाट होते. डंपरला मात्र दोन मोठे धोंडे आणि एक आडवा बारही पुरतो.

गस्तीबद्दल एक अडचण क्वचितच बोलली जाते. वेताळ टेकडीच्या वेगवेगळ्या बाजू कोथरूड, डेक्कन, चतुःशृंगी अशा वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांकडे येतात. लुटला गेलेला माणूस जवळच्या चौकीत गेला, की ‘हद्द त्यांची’ हे उत्तर त्याला मिळू शकतं. ते चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. तपास नंतर वर्ग होतो. टेकडीवर लुटलेली तरुण जोडपी मात्र घरी कळेल या धास्तीनं चौकीची पायरीच चढत नाहीत, आणि लुटारूंना हे पक्कं ठाऊक असतं. फिरणाऱ्यांनी ‘इथं जोडपी का येतात’ यावर नाकं मुरडणं थांबवलं, तर तक्रारी वाढतील. नोंद झाली, तर गस्तही मागता येईल.

गैरसमज : मोरांना दाणे टाकणं ही सेवा.

टेकडीवरच्या मोराला गवताच्या बिया, किडे, सरडे पुरतात. फरसाणावर उंदीर आणि भटकी कुत्री पोसली जातात, आणि ती कुत्री मोराची पिल्लं धरतात. पाणवठा भरायचा असेल तर वनरक्षकाला विचारून भरावा. बाकी पिशवी घरी ठेवावी.

गैरसमज : टेकडी थोडी कापली तर खाली राहणाऱ्याला काय फरक पडतो?

टेकडी पाऊस अडवते, मुरवते, ओढ्यांना हळूहळू सोडते. उतार कापला, मुरूम ढिगानं लावला, की तेच पाणी चिखल होऊन एकदम खाली येतं. जून 2013 मध्ये कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडलेल्या ठिकाणाहून आलेल्या लोंढ्यात महामार्गावर मायलेकी वाहून गेल्या. कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री शहरात घुसला तेव्हा पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. त्या पुरामागं ओढ्यावरची अतिक्रमणं, अरुंद पूल अशी अनेक कारणं होती; उतारांची तोडफोड त्यांतलं एक. बाणेर-पाषाणपासून कात्रज-कोंढव्यापर्यंत दरडीखाली पार्किंग असलेल्या इमारती आज सहज दिसतात.

गैरसमज : एकदा जमीन गेली की गेली, तक्रार करून काही होत नाही.

कोंढवा बुद्रुकमधली 11.89 हेक्टर राखीव वनजमीन 1998 मध्ये एका खासगी कुटुंबाला देण्यात आली आणि तिथून ती एका गृहनिर्माण संस्थेच्या हाती गेली. पुण्यातल्या नागरिकांनी हे प्रकरण लावून धरलं. 15 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप बेकायदा ठरवलं आणि जमीन तीन महिन्यांत वनखात्याकडे सोपवायला सांगितलं. तेवढ्यावर न थांबता, महसूल खात्याच्या ताब्यात राहिलेली राखीव वनजमीन कुठं कुठं खासगी हातांत गेली हे शोधण्यासाठी प्रत्येक राज्यानं विशेष तपास पथक नेमावं, असाही आदेश दिला.

या खटल्यात निर्णायक ठरले ते जुने कागद : राखीव वनाची अधिसूचना, सातबारा, मंजुरीची टिपणं. आपल्या टेकडीचे हेच कागद माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येतात.