भाड्याचा टँकर

मार्च २०२५च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयानं १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांचे ६२,७०० कोटींचे करार केले आणि सगळे मथळे त्यांनीच खाल्ले. त्याच दिवशी आणखी एक करार झाला होता, एकाच विमानाचा, आणि तेही भाड्यानं. मेट्रिया या खासगी कंपनीचं केसी-१३५ हे टँकर विमान आपल्या हवाई दलाच्या आणि नौदलाच्या वैमानिकांना हवेत इंधन घ्यायला शिकवणार होतं. पद्धत वेट लीजची, म्हणजे ड्रायव्हरसकट गाडी: विमान, ते उडवणारे आणि त्याची देखभाल, सगळं कंपनीचं. संपादक म्हणाले, 'सरकारला टँकर भाड्यानं का घ्यावा लागतो, बघा जरा.'

कारण सरळ आहे. आग्र्याला हवाई दलाची सहा आयएल-७८ टँकर विमानं आहेत, २००३ पासूनची. २०१० ते २०१६ या काळात त्यांची उड्डाणसज्जता अपेक्षित ७० टक्क्यांऐवजी सरासरी ४९ टक्के होती, असं 'कॅग'नं नोंदवलं. नव्या टँकरच्या निविदा दोनदा निघाल्या, दोनदा बारगळल्या. जी विमानं उडतात, त्यांचे तास सरावात खर्च झाले की मोहिमांना उरतात किती?

या कामातलं खासगीपण मात्र नवं नाही. ब्रिटिश वैमानिक ॲलन कॉबम १९३४ साली हवेत इंधन घेत थेट भारताकडे निघाले होते. थ्रॉटलच्या जोडणीतली छोटीशी पिन गेली आणि त्यांना माल्टाला उतरावं लागलं. आज आपली लढाऊ विमानं वापरतात ती नळी-टोपलीची पद्धत १९४९ साली त्यांच्याच कंपनीनं घडवली.

ती टोपली भलती हट्टी. टँकरच्या मागे लांब नळी, तिच्या टोकाला टोपली. लढाऊ विमान जवळ आलं की त्याच्या नाकापुढची हवाच तिला बाजूला ढकलते. तिच्याकडे बघत तिच्यामागे धावणारा वैमानिक चुकतोच; म्हणून नजर टँकरवर ठेवायची आणि चालण्याच्या वेगानं पुढे सरकायचं. लढाऊ विमानाचा इंधन घेणारा दांडा, म्हणजे प्रोब, टोपलीत घुसला की नळी सैल पडते. तो सैलपणा टँकरमधल्या रिळानं त्या क्षणी गुंडाळून घ्यायला हवा. रीळ मागे पडलं तर नळीतून लाट उठते आणि प्रोबचं टोक मोडून नेते. ते टोक मुद्दामच कमकुवत ठेवलेलं असतं, म्हणजे तुटायचंच तर तिथे तुटावं.

केसी-१३५चं मूळ हत्यार वेगळं, ताठ नळीचा 'बूम'. सुखोई-३०, राफेल, तेजस किंवा गोव्याच्या हंसा तळावरची मिग-२९के यांना तो चालत नाही. म्हणून या विमानाला टोपली जोडावी लागते, पंखांखालच्या पॉडमधून किंवा बूमच्याच टोकाला. बूमच्या टोकाची नळी आखूड असते आणि तिला रीळ नसतं. नळीचा बाक वैमानिकानंच सांभाळायचा.

अमेरिकी नौदल २००१ पासून ओमेगा या कंपनीकडून असं इंधन घेतं आहे. एप्रिल २०१५मध्ये एक्स-४७बी हे वैमानिकाविना उडणारं विमान चेसापीक उपसागरावर ओमेगाच्याच बोइंग ७०७ला जोडलं गेलं. मानवरहित विमानानं स्वयंचलितपणे हवेत इंधन घेण्याची ती पहिली वेळ.

त्याच कंपनीचं दुसरं ७०७ मात्र १८ मे २०११ रोजी कॅलिफोर्नियात पॉइंट मुगूच्या धावपट्टीवरून उठता उठता कोसळलं आणि जळालं. पंखाखालचं एक इंजिन निखळून शेजारच्या इंजिनावर आदळलं होतं. तिघेही कर्मचारी वाचले. तपासात कारण सापडलं ते इंजिन पेलणारं एक फिटिंग. जुन्या फिटिंगला तडे जातात, म्हणून ते बदलण्याचा आदेश निघालेला होता. कागदावर ते बदललंही होतं. विमानाच्या एका आधीच्या मालकानं तशी चुकीची नोंद केली होती.

माझी काळजी इथे सुरू होते. खासगी टँकर हे बहुधा कुणाचं तरी निवृत्त विमान असतं. मेट्रियाची केसी-१३५ सिंगापूर आणि फ्रान्सच्या हवाई दलांकडून आलेली आहेत, आणि या जातीचं शेवटचं विमान १९६५ साली बांधलं गेलं. हात बदलतात तशा नोंदवह्याही बदलतात. शिवाय युद्ध पेटलं तर कंपनीचे नागरी वैमानिक येणार नाहीत. हा टँकर सरावापुरताच. सरावाचे तास मोकळे करायला भाड्याचा उपाय मला पटतो, सहांच्या जागी नवे टँकर घेण्याला पर्याय म्हणून पटत नाही. आणि भाडं मोजणाऱ्यानं इंधनाच्या मापाइतकंच लक्ष जुन्या नोंदींवर ठेवावं: कागदावर बदललेला प्रत्येक भाग आपल्या माणसानं विमानावर बघून घ्यावा.