गच्चीवरून बालाघाट: डोंगर तोच, हवा वेगळी

सोलापूरहून तुळजापूर सरळ रेषेत सुमारे ४२ किलोमीटर. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, तर बालाघाट डोंगररांगेच्या कडेवरचं तुळजापूर त्याहून पावणेदोनशे-दोनशे मीटर उंच. एवढासा चढ इतक्या लांबून दिसेल का?

हिशेब करून पाहू. दहा मीटर उंच गच्चीवरून क्षितिज अकरा-बारा किलोमीटरवर असतं. पलीकडच्या तीस किलोमीटरांत पृथ्वीच्या गोलाईमुळे डोंगराचा खालचा साठ ते पंचाहत्तर मीटरचा भाग झाकला जातो. उरलेला भाग, मध्ये उंचवटा किंवा इमारत आडवी आली नाही तर, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा उंच दिसायला हवा. म्हणजे एक बारीक पट्टी, पण नुसत्या डोळ्यांना पुरेशी. तरीही वर्षातल्या बहुतेक दिवशी तिकडे पांढुरकं आकाशच दिसतं. पृथ्वीची गोलाई रोज तेवढीच, डोंगरही जागचा हलत नाही. रोज बदलते ती मधली हवा.

डोंगर आणि डोळा यांच्यामधल्या हवेवर ऊन पडतं आणि विखुरतं. तो विखुरलेला प्रकाश डोंगराच्या गडद रंगावर चढतो. हवा स्वच्छ असेल तर तिचे रेणू लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश चौपटीहून जास्त विखुरतात, म्हणून लांबची रांग निळसर दिसते. धूळ आणि धूर वाढले की मोठे कण सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात आणि निळ्याचं पांढुरकं होतं. डोंगर आणि त्यामागचं आकाश यांच्या उजेडातला फरक दोन टक्क्यांवर आला की डोळा हरतो. जर्मन शास्त्रज्ञ कोशमीडर यांनी १९२४ मध्ये दृश्यतेचं गणित मांडलं, त्यात हीच मर्यादा धरतात. धुळीचा कणही नसलेल्या हवेत डोंगर दिसेनासा होण्याचं अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत पंजाबातल्या जालंधरच्या लोकांना शंभर किलोमीटरहून लांबची हिमालयातली धौलाधार रांग घराच्या छतावरून दिसली, ती हवा निवळल्यामुळेच.

सोलापूरला ही संधी पाऊस देतो. सरी धूळ खाली बसवतात, ओली जमीन नवी धूळ उडू देत नाही. ब्रिटिशकालीन त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पथकं लांबच्या खुणा दिसाव्यात म्हणून मुद्दाम पावसाळ्यात रानात शिरत. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट आणि त्यांची माणसं तापानं आडवी झाली, ती याच स्वच्छ हवेच्या मागे लागून. मात्र पावसाआधीची दमट हवा फसवी असते. मिठासारखे कण ओलावा शोषून फुगतात आणि धूसरपणा वाढतो. हिवाळ्याच्या पहाटे वेगळीच अडचण: जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, वर ऊबदार हवेचं झाकण, आणि चुलीचा, वाहनांचा धूर त्याखाली कोंडतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, तेव्हा ढगांबरोबर हवेतल्या कणांचाही अभ्यास झाला. त्यांच्याकडे विमानं आणि रडार होती. गच्चीवर तेवढं नसलं तरी ठरावीक अंतरावरच्या खुणा असतात: पाण्याची टाकी, धुराडं, हिप्परगा तलावाकडचा उंचवटा, शेवटी बालाघाट. कुठली खूण कधी पुसली जाते ते वहीत टिपलं, तरी ती हवेची खरी नोंद ठरते; वेधशाळेतही दृश्यता अशाच खुणांवरून ठरवण्याची पद्धत आहे.

पाहायची वेळ निवडायची तर पाऊस उघडल्यानंतरची उतरती दुपार बरी. सूर्य पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या डाव्या हाताला असतो, सकाळचा धूर वर विरलेला असतो आणि बालाघाटाच्या आपल्याकडच्या उतारावर तिरपं ऊन पडतं.