गाजावाजा न करता दिलेला नारळ

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'गायको' या अमेरिकेतल्या बड्या वाहनविमा कंपनीने सुमारे २,००० जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं. एकूण कर्मचाऱ्यांच्या ६ टक्के. पुढच्या फेब्रुवारीत तिची मालक कंपनी बर्कशायर हॅथवेचा वार्षिक अहवाल आला, तेव्हा त्यातला आकडा बराच मोठा निघाला. २०२२ च्या अखेरीस गायकोत ३८ हजारांहून अधिक माणसं होती. वर्षभरानंतर उरली ३० हजारांपेक्षा थोडी जास्त. म्हणजे साडेसात हजारांहून अधिक माणसं एका वर्षात कमी झाली.

या दोन आकड्यांमधलं अंतर हाच खरा विषय आहे. अहवालात माणसं मोजलेली असतात, त्यांच्या जाण्याची कारणं नसतात. कुणी स्वतःहून राजीनामा देतं, कुणी निवृत्त होतं, कुणाच्या कामात खोट काढली जाते, आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरली जात नाही. बातमी होते ती फक्त जाहीर झालेल्या आकड्याची. बाकीच्यांचं जाणं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यालाच कळतं, आणि मग डब्याच्या वेळी तर्कवितर्क सुरू होतात. त्या तर्कांत बरेच गैरसमज असतात. त्यांतले काही माणसाला चांगलेच महागात पडतात.

कंपनी तोट्यात असली तरच माणसं काढते, हा सर्वात पक्का समज. १९३६ साली लिओ आणि लिलियन गुडविन या दांपत्याने सरकारी नोकरांना स्वस्तात विमा देण्यासाठी सुरू केलेल्या गायकोला २०२२ मध्ये विमा व्यवसायात सुमारे १९० कोटी डॉलरचा तोटा झाला, हे खरं. जुन्या गाड्यांच्या किमती भडकल्या, सुटे भाग महागले, गॅरेजची बिलं फुगली. त्याच वर्षी कंपनीने कॅलिफोर्नियातली आपली विक्री कार्यालयं बंद केली. पण २०२३ च्या पहिल्या तिमाहीतच तिला विमा व्यवसायात ७० कोटी डॉलरचा नफा झाला होता. २,००० जणांची घोषणा झाली ती त्यानंतर. वर्षाअखेर नफा ३६० कोटी डॉलरवर गेला, आणि २०२४ मध्ये ७८० कोटींवर.

मग कपात का? एक संभाव्य कारण २०२३ च्या वसंतात ओमाहा इथल्या भागधारकांच्या सभेत बर्कशायरचे उपाध्यक्ष अजित जैन यांनी जे सांगितलं त्यातून दिसतं. गायकोकडे एकमेकांशी न जुळणाऱ्या ६०० हून अधिक जुन्या संगणक प्रणाली होत्या आणि त्या १५-१६ वर आणायच्या होत्या. इतक्या प्रणाली जेव्हा एकत्र होतात तेव्हा एकीतली माहिती दुसरीत भरणारं, ताळमेळ लावणारं, चुका निस्तरणारं कामही आटतं. त्यामुळे आपली नोकरी किती पक्की आहे याचा अंदाज तिमाहीच्या नफ्यावरून बांधता येत नाही. आपण रोज ज्या प्रणालीवर काम करतो तिचं पुढे काय होणार आहे, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

दुसरा समज कायद्याबद्दलचा: अमेरिकेत माणसं काढायची तर ६० दिवसांची नोटीस द्यावीच लागते. 'वॉर्न' नावाचा हा संघराज्याचा कायदा १९८८ चा. तो १०० किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतो, पण त्याच्या अटी बारकाईने वाचायला हव्यात. कार्यालय पूर्ण बंद होत नसेल, तर साधारणपणे एकाच ठिकाणच्या किमान ५० जणांची आणि तिथल्या एक तृतीयांश मनुष्यबळाची नोकरी जायला हवी. किंवा एका ठिकाणच्या ५०० जणांची. देशभर पसरलेल्या विमा कंपनीने इथून वीस, तिथून तीस अशी माणसं कमी केली तर नोटिशीची वेळच येत नाही. लहान तुकड्यांनी काढलेली माणसं ९० दिवसांच्या हिशेबात एकत्र मोजण्याची तरतूद आहे, पण तीही एकाच ठिकाणापुरती. स्वतःहून राजीनामा देणारे आणि गैरवर्तन किंवा कामातल्या उणिवेसाठी काढलेले तर या मोजणीत येतच नाहीत. थोडक्यात, गुपचूप कपात बहुतेक वेळा बेकायदा नसते. कर्मचाऱ्यांना ती अन्यायाची वाटते, आणि त्यांचं तसं वाटणं चुकीचं नाही; पण कोर्टात टिकेल असा मुद्दा त्यातून आपोआप तयार होत नाही.

सगळ्यात नुकसान करणारा समज मात्र वेगळाच आहे. 'काढून टाकल्याचा शिक्का बसण्यापेक्षा आपणच राजीनामा दिलेला बरा.' कामगिरी सुधारण्यासाठी दिलेला कार्यक्रम, म्हणजे 'पीआयपी', हातात पडला की भलेभले हाच विचार करतात. पीआयपी म्हणजे शेवटच, असंही नाही. काहीजण त्यातून तरतात. पण राजीनामा दिला की बहुतेक राज्यांत बेकारी भत्त्याचा हक्क जातो, कारण तो भत्ता स्वतःचा दोष नसताना नोकरी गेलेल्यांसाठी आहे. नोकरी सोडताना मिळणारी भरपाई संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक नाही. ती कंपनीच्या धोरणावर आणि वाटाघाटीवर असते. न्यू जर्सीचा राज्य कायदा मात्र वेगळा आहे. तिथे एप्रिल २०२३ पासून मोठ्या कपातीत ९० दिवसांची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवड्याचा पगार द्यावाच लागतो. घाईने राजीनामा देणारा यावरही पाणी सोडतो.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी तर आणखी एक संरक्षण आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. भरपाईच्या बदल्यात वयावरून भेदभावाचा दावा करणार नाही, असं कंपनीला लिहून हवं असेल, तर १९९० च्या कायद्यानुसार विचार करायला किमान २१ दिवस द्यावे लागतात. कपात गटाने होत असेल तर ४५ दिवस. सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. शिवाय गटाच्या कपातीत त्या विभागातल्या कोणत्या पदांवरची, कोणत्या वयाची माणसं निवडली आणि कोणती ठेवली याची यादी कंपनीला द्यावी लागते. त्यात नावं नसतात, पण पदं आणि वयं असतात. आपण एकटेच आहोत की आपल्यासारखे पंचवीस आहेत, हे त्या कागदावरून कळतं. 'आजच सही करा' असं कुणी म्हणत असेल तर या तरतुदीची आठवण करून द्यायलाच हवी.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांची धास्ती अर्थातच दुप्पट असते, आणि न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंतच्या मराठी घरांना ती चांगली ठाऊक आहे. इथला गैरसमज नोकरी गेल्यावर देशात राहून नवी नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या कमाल ६० दिवसांच्या सवलतीबद्दलचा. ही मुदत कपातीची बातमी कळल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. नोकरी प्रत्यक्ष संपल्यावर, म्हणजे सहसा पगाराच्या शेवटच्या दिवसानंतर, ती सुरू होते. भरपाईचे पैसे चार महिन्यांचे मिळाले म्हणून ती वाढत नाही. आणि देशात राहण्याची परवानगी त्याआधीच संपत असेल तर मुदतही तिथेच संपते.

कार्यालयात परत बोलावणं म्हणजे छुपी कपातच, असंही सर्रास म्हटलं जातं. फार्मर्स या विमा कंपनीत जे घडलं त्यावरून हा संशय का बळावतो ते समजतं. आधी बहुतेकांना कायम घरून काम करता येईल असं सांगितलं गेलं. काहींनी घरं विकून दूर बिऱ्हाड हलवलं. २०२३ मध्ये नवे प्रमुख राऊल व्हर्गास आले, धोरण फिरलं, आणि ऑगस्टमध्ये २,४०० जणांची कपात जाहीर झाली. मनुष्यबळाच्या ११ टक्के. तरीही अशा प्रत्येक आदेशामागे माणसं घालवण्याचाच हेतू असतो, हे सिद्ध करणं कठीण. परिणाम मात्र उघड दिसतो: ज्याला परत येणं शक्य नाही तो निघून जातो, आणि त्याची नोंद राजीनामा म्हणून होते. अपंगत्वामुळे घरून काम करण्याची सवलत मागण्याचा हक्क मात्र नव्या धोरणाने जात नाही.

उरलेली माणसं भीतीपोटी जास्त राबतात, हा व्यवस्थापनाचा लाडका गैरसमज. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की कंपनीने अवघ्या १ टक्का लोकांची कपात केली तरी स्वतःहून सोडून जाण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढतं. दुसरीकडे सहज नोकरी मिळेल अशी अनुभवी माणसं जाऊ लागली, तर त्याचा फटका विमा घेतलेल्यालाही बसतो. कॅलिफोर्नियात विमा कंपनीला दाव्याची पोच १५ दिवसांत द्यावी लागते आणि पुरावे आल्यावर ४० दिवसांत तो मंजूर की नामंजूर हे सहसा सांगावं लागतं. टेबलावरच्या फायली दुप्पट झाल्या म्हणून ही मुदत कुणाला वाढवून मिळत नाही.

कपातीबद्दल आपसांत बोललं तर नोकरी जाईल, ही भीतीही सार्वत्रिक. १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना, संघटना असो वा नसो, पगार आणि कामाच्या अटींबद्दल एकमेकांशी बोलण्याचं संरक्षण दिलं आहे. पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. गायकोच्या बफेलोजवळच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी २०२२ मध्ये संघटना बांधण्याचा प्रयत्न केला होता, तो याच कायद्याच्या आधारावर.

कुजबुजीपेक्षा भरवशाची माहिती मिळवायची तर दोन ठिकाणं आहेत. वॉर्न कायद्याखालच्या नोटिसा राज्यांच्या कामगार खात्यांकडे जातात आणि अनेक राज्यं त्या सर्वांसाठी खुल्या ठेवतात. दुसरं ठिकाण वार्षिक अहवाल: शेअर बाजारातल्या कंपन्यांना मनुष्यबळाची माहिती त्यात द्यावी लागते. 'स्टेट फार्म'सारख्या भागधारक नसलेल्या, विमाधारकांच्या मालकीच्या कंपनीत मात्र भागधारकांसाठीचा असा अहवालच नसतो. तिथल्या कर्मचाऱ्यांना राज्यांच्या नोटिसा, स्थानिक वर्तमानपत्रं आणि आपापल्या विभागातल्या न भरलेल्या जागांवरूनच हिशेब मांडावा लागतो.